कब्बिणगुड्ड्यावरचं एक मिनिट

हे कुणालाही खरं वाटणार नाही!

बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या आमच्या रेडिओ क्लबात थापाड्या म्हणून माझं नाव आहे आणि ते मी एकेचाळीस वर्षं खपून कमावलं आहे. मी जळू वीतभर सांगितली की मंडळी मनात बोटभर धरतात. पण कब्बिणगुड्ड्याच्या मोहिमेची गोष्ट निराळी. तिला मीठमसाला लागत नाही. गेल्या रविवारी सकाळी नव्या मंडळींना मी आधी हे बजावलं आणि मगच तोंड उघडलं.

नवी मंडळी म्हणजे हॅमच्या परवान्याची परीक्षा द्यायला निघालेली सहा जणं. हौसेने घरी रेडिओ केंद्र चालवणाऱ्याला हॅम म्हणतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पहिल्या बाकावर शिवानी वही उघडून बसली होती. मागे विठाअक्का कॉफी गाळत होत्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून क्लबचं केंद्र त्याच सांभाळतात.

"आप्पाजी, आज स्वल्प खरं सांगा हं," त्या म्हणाल्या.

"अक्का, त्या दिवशी रेडिओच्या या टोकाला तुम्हीच होतात. चुकलो तर टोका."

"मी आपली कॉफी बघते," म्हणून त्यांनी पाठ फिरवली.

तर, सात वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. वर्षातून एकदा आम्हा दक्षिणेतल्या क्लबांची फील्ड डे नावाची स्पर्धा असते. चोवीस तास! डोंगरावर किंवा माळावर जायचं, बॅटरीवर केंद्र लावायचं, आणि जास्तीत जास्त केंद्रांशी बोलून दाखवायचं. ज्याचे संपर्क जास्त, कप त्याचा. आमचा कप तीन वर्षं लागोपाठ थोडक्यात हुकला होता. चौथ्या वर्षी आम्ही ठरवलं, की सकलेशपूरच्या पलीकडचा कब्बिणगुड्डा चढायचा आणि कप घेऊनच उतरायचं.

आम्ही चौघं होतो. एक मी. दुसरे प्रतापराव, माझे तीस वर्षांचे मित्र. त्यांची चावी शांत झाली त्याला आता दोन वर्षं झाली. आमच्यातला कुणी गेला की आम्ही असंच म्हणतो. कपाचा ध्यास खरा प्रतापरावांना. आठ महिने त्यांनी घराच्या गच्चीवर ॲल्युमिनियमचे नळ घासून अँटेना उभारायचा बारा मीटरचा खांब, म्हणजे मास्ट, बनवला. नळ एकात एक असे बसायचे की पाणी ओतलं तरी सांध्यातून गळू नये. तिसरी प्रियदर्शनी, बेळगावकडची, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनियर. आणि चौथा देवव्रत, पुण्याचा, हेब्बाळला संगणकापुढे बसणारा. ही दोघं आता परदेशात आहेत. खातरजमा करायची असेल तर खुशाल फोन लावा, तिकडे आत्ता झोपायची वेळ असेल!

शनिवारी पहाटे बॅटऱ्या, रेडिओ आणि मास्टचे नळ पाठीवर घेऊन चढायला लागलो. कारवीचं रान डोक्याच्या वर, पायाखाली शेवाळ, आणि वाऱ्याचा जोर असा की देवव्रतने ओतलेला चहा पेल्यात न पडता प्रियदर्शनीच्या बाहीवर पडला. साडेदहाला माथा गाठला. अकराला मास्ट उभा राहिला. त्याच्या शेंड्यावर माशाच्या काट्यासारखी दिसणारी छोटी दिशादर्शक अँटेना, आणि शेंड्यापासून दोन्ही उतारांवर ताणून बांधलेली तांब्याची लांब वायर. स्पर्धेची सगळी मदार त्या वायरवर. प्रतापराव मास्टभोवती एक फेरी मारून आले. त्या दिवशी त्यांनी दोन वेळा चहा मागितला, एवढं सांगतो.

साडेअकराला स्पर्धा सुरू झाली. रात्रभर पाळ्या लावल्या. रविवारी सकाळी साडेसातला आमच्या लॉगात सहाशे अकरा संपर्क होते आणि दुसऱ्या नंबरचा क्लब चाळीसने मागे! चार तास उरले होते. कप जवळजवळ हातात होता.

आणि वारा वाढला. पश्चिमेच्या उतारावर बांधलेलं वायरचं टोक सुटलं.

"मी बांधून येतो," प्रतापराव म्हणाले.

"धुकं आहे, काका. थोडं थांबू या ना," देवव्रत म्हणाला.

"थांबलं की चाळीसचे तीस होतात."

कमरेला हँडसेट अडकवून ते उतरले आणि दहा पावलांत दिसेनासे झाले.

वीस मिनिटांनी आमचा सेट खरखरला. प्रतापरावांचाच आवाज, पण ओळखू न येण्यासारखा. "पाय मोडला. ओढ्यात पडलोय. स्पीकर फुटलाय, तुमचं काही ऐकू येत नाही. बॅटरी संपत आलीय. दर तासाला, बरोबर ठोक्याला, मिनिटभर बटण दाबून धरतो. त्यावर शोधा मला."

मग शांतता.

आम्ही वायरच्या टोकापर्यंत धावलो. कारवी मोडलेली होती. पुढे जमीनच नव्हती! खाली तीन घळी फुटल्या होत्या आणि तिन्हींत पाणी वाजत होतं. हाका मारल्या. त्या पाण्यात आपला आवाज आपल्यालाच ऐकू येईना. मोबाइलला रेंज कुठून असणार? तिन्ही घळी पायी शोधायच्या तर दोन दिवस. आणि पश्चिमेकडे ढग काळे होत चालले होते.

परत धावत आलो. मी माइक उचलला आणि स्पर्धेच्या गर्दीत ओरडलो, "आणीबाणी! आणीबाणी! कब्बिणगुड्ड्यावर माणूस पडलाय!"

शेकडो केंद्रं एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात तिथे. पाच सेकंदांत सगळी गप्प झाली. प्रत्येकाचे संपर्क बुडत होते, तरी एकानेही बटणाला हात लावला नाही. त्या शांततेत मल्लेश्वरमहून अक्कांचा आवाज आला, "सरी, ठीक, ऐकलं. कुणीही मध्ये बोलू नका. गाव सांगा, वाट सांगा, माणसाची अवस्था सांगा." पाच मिनिटांत त्यांनी तालुक्याला फोन लावून निरोप दिला, की पथक निघतंय, पण माथ्यावर पोचायला दुपारचे तीन वाजतील.

तीन! तोवर ओढा कुठे असेल?

आता नीट ऐका. दर महिन्याला आमच्या क्लबात कोल्ह्याचा खेळ असतो. एक जण छोटा रेडिओ कुठेतरी दडवतो, तो कोल्हा. बाकीचे काट्याची अँटेना हातात घेऊन गोल फिरतात. जिकडे आवाज मोठा तिकडे कोल्हा. प्रियदर्शनी त्यात पटाईत होती. प्रतापरावांना शोधायचं तर तीच अँटेना हवी, आणि ती होती बारा मीटर उंच, मास्टच्या शेंड्यावर. मास्ट उतरवला की वायर जमिनीवर. वायर जमिनीवर आली की आमचं केंद्र मुकं. परत उभा करायला दोन तास आणि चार माणसं.

"आप्पाजी," प्रियदर्शनी म्हणाली, "मास्ट पाडला तर सगळं गेलं बघा की."

मी क्षणभरही थांबलो नाही. ताणाची दोरी माझ्या हाताने सोडली. आठ महिन्यांची मेहनत आडवी झाली! लॉगाची वही मिटली. कपाचा विषय त्यानंतर त्या डोंगरावर निघाला नाही.

आठचा ठोका मास्टपाशीच गेला. काही नाही. हँडसेटची बॅटरी जपायला हवी म्हणून मी तो बंद करवला आणि सामान आवरून उतरायला लागलो. नऊच्या पाच मिनिटं आधी चालू केला. नऊ वाजले. प्रियदर्शनीने अँटेना सगळीकडे फिरवली. फक्त खरखर.

देवव्रत मटकन खाली बसला. "काका गेले," म्हणाला.

"तोंड आवर रे," प्रियदर्शनी म्हणाली. तिने अँटेना पुन्हा एकदा फिरवली.

त्या दहा मिनिटांबद्दल मी फार सांगत नाही. तीस वर्षांचा मित्र आणि कानात नुसती खरखर. मी हँडसेट बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात प्रियदर्शनी ओरडली, "थांबा ओ! सकाळी लॉगात वेळ काय लिहिली?"

"साडेसातची? दोन."

"कुणाच्या घड्याळाप्रमाणे?"

देवव्रत ताडकन उठला.

जगभरच्या हॅमच्या लॉगात एकच वेळ लिहितात, ग्रीनिचची. आपल्याहून साडेपाच तास मागची. स्पर्धेत गोंधळ नको म्हणून प्रतापरावांनी मनगटावरचं घड्याळच तिकडच्या वेळेला लावलं होतं. त्यांच्या घड्याळात ठोका पडतो तेव्हा आपल्याकडे साडे झालेले असतात! आठला आणि नऊला आम्ही ऐकत होतो, आणि ते बटण दाबत होते साडेआठला, जेव्हा आमचा हँडसेट मी बंद करवला होता.

त्यांना ओरडून सांगायची सोय नव्हती. ते बहिरे होते. आपणच त्यांच्या वेळेला जायला हवं होतं.

साडेनऊ. एक सेकंद. दोन. आणि खरखर एकदम थांबली! कुणी न बोलता नुसतं बटण दाबून धरलं की त्याची अशीच खूण असते, आवाज नसलेला आवाज. देवव्रतने तोंड हातांनी दाबून धरलं. प्रियदर्शनी गोल फिरली, परत फिरली, थांबली. "डावी घळ!" आणि मिनिट संपलं.

खाली प्रतापराव दगडाला पाठ लावून बसले होते. हँडसेट पाण्यापासून वर राहावा म्हणून तो टोपीत गुंडाळून छातीशी धरलेला. बटण दाबलं की त्यावरचा लाल दिवा लागायचा. एकपासून साठपर्यंत मोजायचं आणि सोडायचं. पहिल्यांदा दिवा लालभडक होता. दुसऱ्यांदा विझत चाललेल्या विडीसारखा. वर कुणी ऐकतंय की नाही, कळायला मार्ग नाही. पाय दुखायचा थांबला होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. जळवा मात्र होत्या, वीतभर!

आम्ही डाव्या घळीत उतरलो. उतरलो म्हणजे काय, मुळं धरून लोंबकळलो. एका जागी देवव्रतचा पाय सुटला आणि तो चार पुरुष खाली घसरत जाऊन वेतावर अडकला. मास्टच्या दोरीने ओढून वर घेतला. त्याचा चष्मा मात्र तसाच नाकावर होता! साडेदहाला आम्ही एका उघड्या दांडावर पोचलो. समोर काळा कडा, भिंतीसारखा सरळ. मिनिट सुरू झालं. सिग्नल इतका जोरदार की अँटेना नीट धरायचीही गरज पडली नाही.

"कड्याच्या पायथ्याशी!" प्रियदर्शनी म्हणाली. "इथंच हायत बघा!"

अकराला पाऊस आला. नुसता आडवा. कड्याचा पायथा आम्ही हाताने चाचपला. प्रत्येक दगडामागे, प्रत्येक कपारीत. "प्रतापराव! प्रतापमामा!" कुणी नाही. पाऊलखूणही नाही.

साडेअकरा झाले. बेंगळुरूत, मद्रासेत, कोचीनला त्या क्षणी स्पर्धा संपली. आम्ही तिघं कड्याखाली निथळत उभे होतो. मिनिट सुरू झालं, पण दुबळं, चिंधीसारखं. आणि अँटेना कड्याकडे केली की नाहीसंच होत होतं. प्रियदर्शनीने ती पाठीमागे वळवली. सिग्नल आला.

"हे कसं शक्य आहे?" मी ओरडलो. "मघाशी कड्याकडून येत होता!"

देवव्रत कड्याकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "काच."

"काय?"

"मागच्या वर्षी हेब्बाळला कोल्हा शोधताना मी एका काचेच्या बिल्डिंगमध्ये घुसलो होतो, आठवतंय? वॉचमनने पकडलं मला. कोल्हा तळ्याच्या काठावर होता. सिग्नल बिल्डिंगवर आपटून येत होता. हा कडा तीच बिल्डिंग आहे, आप्पाजी. काका तिकडे आहेत, उजव्या घळीत. आपण दोन तास त्यांच्याकडे पाठ करून चाललोय."

दोन तास!

वळलो. दांड परत चढलो, मधल्या घळीचं पाणी दोरी धरून ओलांडलं. माझं वय तेव्हा चौसष्ट. कसा धावलो ते माझे गुडघेही सांगू शकणार नाहीत. पाऊस थांबत नव्हता. घळीघळीतून गढूळ पाणी वाढत होतं, आणि आमच्याकडे एकच मिनिट उरलं असणार, असलं तर.

खाली पाणी कमरेला लागलं होतं. प्रतापरावांनी सुटलेल्या वायरचा तुकडा कमरेभोवती घेऊन एका उंबराच्या मुळाला गाठ मारली होती, कारण आता पकड राहत नव्हती. साडेअकराला त्यांनी साठपर्यंत मोजायला सुरुवात केली आणि पन्नासलाच सोडलं. दहा आकडे पुढच्या वेळेसाठी शिल्लक ठेवले. मग पाणी छातीला आलं. घड्याळात सात वाजायला आले. ओढ्याच्या आवाजात मधूनमधून माणसांच्या हाका ऐकू यायच्या, आणि कान दिला की नुसतं पाणी. त्यांना वाटलं, मंडळी आली असती तर आत्तापर्यंत आली असती. पथकाची वाट बघत वर बसली असतील, आणि तेच शहाणपणाचं. एकासाठी तिघांनी का मरावं? दिवा आता लागतच नव्हता, पण अंगठ्याला बटण कळत होतं. मिनिटभर दाबायला त्यात जीव नव्हता. मग त्यांनी ते दाबून धरलं नाही. टिचकीसारखं मारलं.

साडेबारा. आम्ही उजव्या घळीच्या तोंडाशी होतो. हँडसेट देवव्रतच्या कानाशी. तो म्हणाला, "तुटतंय. मिनिट धरत नाहीत ते, तुटक तुटक येतंय."

मी हँडसेट ओढून घेतला. लांब, लांब, आखूड, आखूड, आखूड. थांबा. आखूड, आखूड, आखूड, लांब, लांब.

मोर्सच्या टिकटिकीत सात आणि तीन. त्र्याहत्तर! कुणाशी बोलणं संपवताना हॅम हा आकडा पाठवतो. सगळं भलं होवो, येतो, असा त्याचा अर्थ. त्याच्या पुढे काही पाठवायचं नसतं.

प्रतापराव आमचा निरोप घेत होते, पुन्हा पुन्हा.

"अँटेना नको!" प्रियदर्शनी किंचाळली. इतक्या जवळ अँटेना लागतच नाही, उलट फसवते. तिने ती सोडवली, नुसता हँडसेट छातीशी धरून स्वतःच गोल फिरली. पाठ केली की आवाज बुडायचा, तोंड केलं की वर यायचा. "खाली! डावीकडे, त्या उंबराच्या खाली!"

उडी मारली. वाहून गेलो असतो, पण दोरी होती. एक मुळांचं जाळं, त्यात एक हात, आणि हाताच्या वर पाण्यातून निघालेलं तोंड. ओठ निळे. अंगठा बटणावर तसाच. तो सोडवायला दोघं लागली!

मास्टचे दोन नळ आम्ही बरोबर घेतले होते. त्यांत जर्किनं ओवून डोली केली. आठ महिने घासलेले नळ त्यांच्यासाठीच कामाला आले. वर आणायला अडीच तास गेले. दांडावर पथक भेटलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर डोलीला घाई राहिली नसती.

कप? शेवटून दुसरे आलो आम्ही! पण संपर्क झाला की हॅम पावती म्हणून कार्ड पाठवतात, तशी कार्डं पुढच्या महिन्यात टपालाने येऊ लागली. त्या सकाळी जी जी केंद्रं गप्प बसली होती, त्यांनी आपल्या संपर्काचं कार्ड पाठवलं होतं. संपर्क झालेला नसताना! दोनशे सात कार्डं. प्रत्येकावर वेळेच्या रकान्यात एकच वेळ, आणीबाणीची हाक गेली ती. ती सगळी या कपाटात आहेत.

एवढं बोलून मी थांबलो. कॉफी निवली होती. अक्का गाळणी धुता धुता थांबल्या होत्या.

"आणि नंतर?" एकाने विचारलं. "प्रतापरावांनी तुमचे आभार मानले असतील ना?"

"छे!" मी म्हणालो. "तो विषय आम्हा दोघांत पुन्हा कधी निघालाच नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसाबद्दल प्रतापरावांनी कुणाजवळही चकार शब्द काढला नाही. अगदी शेवटपर्यंत."

शिवानीने वहीची दोन पानं मागे उलटली, परत पुढे आली. मग पेन खाली ठेवलं.

"आप्पाजी," ती म्हणाली, "मग त्यांनी पन्नासलाच सोडलं, दहा आकडे शिल्लक ठेवले, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी विठाअक्कांकडे बघितलं. त्यांनी नळ बंद केला.

"ओढ्यात तुम्ही पडला होतात," शिवानी म्हणाली. "मास्ट प्रतापरावांनी पाडला."